महालाचं अडकणारं दार

ती घटना आजही आठवली की मी खुर्चीतून अर्धा उठतो. बायको म्हणते, "झालं यांचं सुरू!"

नाशिकच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक नाट्यनिर्माते तक्रार अर्ज घेऊन आले. त्यांचं संगीत नाटक वीस वर्षं चालून बंद झालं होतं. राजाची भूमिका ते स्वतःच करत. महालाचा सेट त्यांनी भंगारवाल्याला विकला. टेम्पो न्यायला आला तर गोदाम रिकामं! कुलूप मात्र शाबूत, म्हणजे चोर घरचाच.

दुसरी किल्ली सेट लावणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराकडे असायची. तो मूळचा हरसूलकडचा. त्याला बोलावलं, चहा दिला, दरडावलं, पुन्हा चहा दिला. उत्तर एकच : "मला ठावं नाय, साहेब." या वयात चोरीचा शिक्का बसला तर माणूस संपतो, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. हरसूलजवळच्या एका पाड्यावर बोहाड्यासाठी, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवायच्या उत्सवासाठी, अख्खा राजवाडा उभा राहिलाय! म्हाताऱ्याला जीपमध्ये बसवलं आणि सुसाट निघालो.

भर दुपारी तालीम रंगात आली होती. सांबळ घुमत होता आणि सारवलेल्या अंगणात तोच महाल! "हा कुणी आणला?" विचारलं, तर सगळा पाडा मुका. म्हाताराही मान खाली घालून माझ्या शेजारी उभा. आता पुरावा कुठून आणायचा?

इतक्यात रावणाचं सोंग महालातून बाहेर यायची वेळ झाली आणि दारच अडकलं. आतून धक्क्यांवर धक्के. सांबळवाला तेच तेच वाजवतोय. म्हाताऱ्याला राहवेना. तो धावला, दाराला गुडघा लावून ते वर उचललं आणि रावण बाहेर!

मग भानावर येऊन तो मटकन खाली बसला. "एन्ट्री चुकली असती, साहेब," तो रडत म्हणाला. "महाल कुऱ्हाडीखाली जानार व्हता. बघवंना, म्हनून आनला. आता घाला मला आत."

गुन्हा अजून दाखल झाला नव्हता, नुसता अर्ज होता. मी तिथूनच निर्मात्यांना फोन लावून सगळं सांगितलं.

"दार अजून अडकतं?" त्यांनी विचारलं.

"अडकतं."

"वीस वर्षं त्याच्या गुडघ्यावर माझी एन्ट्री झाली, साहेब. अर्ज मागे घेतो. भंगारवाल्याचं मी बघतो. महाल तिथंच राहू द्या."

मला इतका आनंद झाला की वर्दीत नसतो तर नाचलो असतो. चौकशीत तोंड बंद ठेवणारे मी पुष्कळ पाहिले. हाडात मुरलेलं काम मात्र माणसाला गप्प उभं राहू देत नाही, हे त्या दिवशी शिकलो.

म्हाताऱ्याला हे सांगायला मी महालासमोर गेलो. ऐकून त्यानं डोळे पुसले, हात जोडले आणि लगेच मला दंडाला धरून बाजूला केलं.

"सरका साहेब, मारुतीची एन्ट्री हाय."