युरॅसिल आणि पळसाचा दोर

युरॅसिल या शब्दाचा अर्थ आमच्या गावात एका सकाळी, ऐन धानाच्या रोवणीच्या हंगामात, ओसरीवर बसलेल्या चार माणसांनी ठरवला. पन्नास सालानंतरची ती वर्षे. जिल्हा तेव्हा भंडारा. गाव नवेगाव बांधच्या पलीकडे. मी नागपूरच्या एका दैनिकाला परिसरातल्या बातम्या पाठवत असे. ही बातमी पाठवली नाही.

शब्द घरात आला तो वहिनीच्या दुखण्याबरोबर. तिचा गळा सुजला होता, डोळे पुढे आले होते. भरपूर जेवूनही ती वाळत चालली होती आणि हात सारखे थरथरत. मी तिला गोंदियाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी थायोयुरॅसिलच्या गोळ्या दिल्या. "गोली बराबर खाना, और पूरा आराम. कीचड-पानी में उतरना बंद, नहीं तो दिल थक जाएगा," असे त्यांनी सांगितले. छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या गाडीने परतताना वहिनीने हे दोनदा माझ्याकडून वदवून घेतले. घरी सांगायचे काम माझे होते.

आईने आराम नामंजूर केला.

"आमी कधी आराम केला? पऱ्हे पिवळे पडून राहिले बांधीत. हात तर माहेही थरथरते, रागानं."

थोरल्या भावाने पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या उचलल्या. वहिनी बांधीत, शेताच्या चिखलपाण्यात उतरली. तिने रोवलेली रोपे तिची पाठ वळताच सुटून पाण्यावर तरंगत. एका दुपारी ती चिखलातच बसली. रोवणाऱ्या दोघींनी तिला धरून घरी आणले. तेव्हा आईने प्रथमच विचारले, "त्या गोळीत हाय तरी का?"

रसायनशास्त्र शिकवणारे एक मास्तर सुट्टीत गावी आले होते. मी त्यांना बोलावले. गावातल्या गुराढोरांना औषध देणारे म्हातारे पाटील बोलावल्याशिवाय आले.

मास्तरांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. ते म्हणाले, प्रत्येक सजीवाच्या पेशीत आरएनए नावाचे आम्ल असते. त्यात चार प्रकारचे घटक असतात, त्यांतला एक युरॅसिल. त्याचे नाव यूरिक आम्लावरच्या संशोधनातून आले, आणि यूरिक आम्लाचे नाव मूत्रावरून. या गोळीत युरॅसिलच्या रचनेत गंधकाचा एक अणू बसवलेला असतो. गोळी कारखान्यात तयार होते, तिच्यात मूत्र नसते. हे शेवटचे वाक्य कोणी विचारात घेतले नाही.

"म्हंजे मूत अन् गंधक," पाटील म्हणाले.

"मूत्र फक्त नावात."

"खरजेच्या बैलाले आमी हेच करतो, गुरुजी. गोमूत्रानं धुतो, मंग करंजीच्या तेलात गंधक."

"ते वेगळं. युरॅसिल तुमच्या अंगात आत्ताही आहे, पाटील."

"माह्या?"

"तुमच्या. धानाच्या पऱ्ह्यात. बैलातसुद्धा."

"बैलात अन् माह्यात एकच?"

"अगदी एकच."

पाटील आईकडे वळले. "मंग वाद कायचा, बाई? बैलाचं औषध हाय."

आमच्याकडे औषध चालू असलेल्या बैलाच्या शिंगाला पळसाच्या मुळीचा दोर बांधतात. ज्याने बांधला त्याने मोकळीक देईपर्यंत त्या बैलाला कोणी जू लावत नाही. डॉक्टरांचा हुकूम मोडणाऱ्या आईला हा नियम मोडता येण्यासारखा नव्हता. तिने एकच हरकत घेतली.

"बाईले शिंग कुठं रायते, जी?"

"मनगट हाय ना."

"हे संपूर्ण अशास्त्रीय आहे," मास्तर म्हणाले.

वहिनी दाराआडून बाहेर आली. "गुरुजी, तुमी चहा घ्या," ती म्हणाली आणि पाटलांपुढे हात धरला. हात इतका थरथरत होता की पाटलांना तो गुडघ्यावर टेकवून गाठ मारावी लागली. बैलाला औषध पाजतात तशी गोळी बांबूच्या नळ्यातून घशात सोडायची त्यांची तयारी होती. "नळा नोको, मामाजी. पाण्यासंगं घेतो," वहिनी म्हणाली. ही सवलत मिळाली.

रोवणी तिच्याविना झाली. आई रोज सकाळी पाटलांच्या दारात उभी राही.

"कधी सोडता दोर?"

"चारा कसा खाते?"

"माह्यापेक्षा जास्त."

"मंग गुण येऊन राहिला. राहू दे."

मास्तर शहरात परतण्याआधी दोनदा येऊन युरॅसिलची रचना पुन्हा समजावून गेले. पाटलांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि दुसऱ्या वेळी, बैलाला हीच गोळी किती द्यावी, असे विचारले.

धान निसवून लोंब्या बाहेर पडायला लागल्या तेव्हा वहिनीच्या गळ्याची सूज उतरली होती. पाटील दोर कापायला विळा घेऊन आले. पळसाच्या मुळीची गाठ पाण्याने आवळते, ती हाताने सुटत नाही. वहिनीने विळा बाजूला ठेवला, ओसरीच्या कडेला बसली आणि नखाने एकेक धागा वेगळा करत गाठ सोडवली. आई समोर उभी राहून तिच्या बोटांकडे पाहत होती. बोटे थरथरत नव्हती.

दोर पाटील घेऊन गेले. त्यांच्या एका बैलाला खरूज झाली होती.