मागे कोणी उभं नसताना

आमचे हे जन्मभर बस चालवून निवृत्त झाले आणि आता मुलीच्या नादाने कॉम्प्युटरवर रणगाडा चालवतात. मुलगी परगावी असते, पण गेममध्ये दोघं एकाच टीममध्ये.

त्या दिवशी यांचा रणगाडा गल्लीच्या तोंडाशी अडकला. एक गोळा समोरून थेट बसून चिलखत खिळखिळं झालं होतं. स्पीकरमधून मुलगी ओरडत होती, "बाबा, तिरके होत मागे या! गोळा घसरून जाईल. सरळ उभे राहिलात तर संपलात!"

हे ढिम्म. कपाळावर घाम, पण गाडी हलवेनात. म्हणाले, "मागे कोणी उभं नसताना मी गाडी मागे घेत नाही."

माझं डोकंच फिरलं. रणगाड्यामागे कोण उभं राहणार, माझा बाप? तिकडे शत्रूची तोफ यांच्याकडे वळत होती. हातातलं फडकं फेकून मी खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. यांच्या बसवर कंडक्टर होते मी, लग्नाच्याही आधीपासून.

"येऊ द्या… येऊ द्या… लेफ्ट मारा… बास!"

ठण्ण! गोळा तिरक्या चिलखतावरून घसरून भिंतीत घुसला.

"बाबा, आता पुढे!" मुलगी किंचाळली. हे तसेच बसून.

"अहो, आता कशाची वाट बघताय?"

"डबल बेलची."

मी खुर्चीच्या पाठीवर दोनदा टकटक केलं, आणि आमची गाडी सुटली.