अल्लीपूरच्या अंधारातला ठिपका

पिपरी मेघेहून निघालो तेव्हा ऊन होतं. मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेली माझी सहा इंची आरशाची दुर्बीण आणि गाडी चालवायला कुरकुरत का होईना आमचे हे. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि दुर्बिणीतून दिसेल तेवढंच आकाश कागदावर उतरवते. नालवाडीचे काळे सर त्याच आकाशाचे फोटो काढतात. त्रिकोण तारकासमूहातली अंधूक दीर्घिका (दूरचं तारकाविश्व) काढायचं मी ठरवलं, तेव्हा ते म्हणाले होते, "एवढ्याशा दुर्बिणीत धुकं दिसेल. बाकी तुम्ही मनाचंच काढाल." ते मला फार लागलं होतं. म्हणून तिचा एकही फोटो न पाहता मी निघाले.

अल्लीपूरला माझ्या नणंदेच्या, वच्छलाताईंच्या, भाजीच्या मळ्यात पोचलो तर सगळीकडे अंधार, फक्त मळ्यात उजेड. पाहुणे येणार म्हणून ताईंनी विहिरीवर भला मोठा हॅलोजन लावला होता. आम्ही अंधारासाठीच आलोय, हे सांगताना माझी पंचाईत झाली. ताई हसल्या, दिवा बंद केला आणि रोडग्यांच्या (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) निखाऱ्यांवरही राख ओढली. डोळे अंधाराला सरावेपर्यंत आम्ही चाचपडतच जेवलो. यांनी भाजी समजून ठेचा खाल्ला आणि पाण्याचा अख्खा तांब्या रिकामा केला.

दीर्घिका सापडली. थेट पाहिलं की विरायची, नजर जरा बाजूला नेली की उमटायची. लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात मी पेन्सिलीची पूड बोटानं पसरत गेले. धुक्याच्या कडेला एक बारीक ठिपका आला. खरा की मनाचा? मी खोडरबर उचललं, पण आधी ताईंना दुर्बिणीशी बसवलं. नजर कशी ठेवायची तेवढंच सांगितलं, ठिपक्याचं नाव काढलं नाही.

"धुकट धुकट हाय," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "अन् त्याच्या बाजूले लहानसा ठिपका दिसून राह्यला."

मी खोडरबर खिशात टाकलं.

परतल्यावर चित्र घेऊन तडक नालवाडीला गेले. काळे सरांनी आपला फोटो उघडला. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, म्हणून चित्र फिरवून शेजारी धरलं. माझ्या ठिपक्याच्या जागी गुलाबी ढग होता. तिथं नवे तारे जन्मतात, असं त्यांनीच सांगितलं. मग म्हणाले, "हे मनाचं नाही."

ताईंना फोन केला, तर त्यांना नवल नव्हतं. "मले दिसलाच होता. पुढल्या अमावस्येले येजो, हॅलोजन काढूनच ठेवतो."

चित्र आता बैठकीत लावलंय. खाली सही माझी आहे, पण ठिपक्याशेजारी मी ताईंचं नाव लिहिलंय. अभिमान मला दोन्हींचा वाटतो, आणि आल्यागेल्याला मी आधी तो ठिपका दाखवते.