मामांची फुली

मामांच्या गॅरेजात तापलेल्या गाड्या थंड व्हायच्या, मामांचं डोकं मात्र कधीच नाही. ऑइल बदललं की रिकाम्या डब्याच्या बुडात ते स्क्रू ड्रायव्हर आडवा-उभा खुपसून फुली पाडायचे. "नाहीतर हे बनावट तेलवाले हरामखोर यातच जळकं तेल भरून विकतात!"

परवा मामींचा धाकटा भाऊ इंजिन जाम झालेली मोटरसायकल ढकलत आला.

"कुठलं ऑइल घातलंस?"

त्यानं ऐटीत डबा पुढे केला. "दाजी, सीलबंद घेतलं. कंपनीचा होलोग्राम बघा, प्रमाणपत्राचा शिक्का बघा. आणखी काय बघायचं माणसानं?"

मामांनी डबा उलटा केला. बुडाला त्यांचीच फुली होती, प्लास्टिक वितळवून बुजवलेली.

"शिक्का खराच आहे रे! डबाही खरा, माझ्याच गॅरेजातला!" मामा कडाडले. "दुकानदारानं सील बघितलं, तू शिक्का बघितलास. आतलं तेल कोणाच्या बापानं बघितलं?"



आता मामा फुली पाडत नाहीत. रिकामा डबा शिकंज्यात आवळतात आणि दात-ओठ खात करवतीनं उभा चिरतात, बरोबर त्या शिक्क्याच्या मधून.