दात मोडलेली कॅसेट

तिच्या आवाजावर मी माझं भाषण भरलं. एकदा एवढं सांगून टाकलं म्हणजे पुढचं सांगायला जरा धीर येतो. ती गाणारी म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. ती गेल्याची बातमी आली तेव्हा सोनईच्या स्टँडवरचा चहावालासुद्धा हातात गाळणी धरून तसाच उभा राहिला होता. भाषण माझं आणि कॅसेट आमच्या चाचांची. चाचांबद्दल एक विधान मी कुठल्याही कोर्टात शपथेवर करायला तयार आहे: त्या बाईंच्या गळ्याची जेवढी काळजी चाचांनी घेतली, तेवढी खुद्द बाईंनीही घेतली नसेल. बाई मुंबईत, चाचा सोनईत, उभ्या जन्मात दोघांची गाठ एकदाच पडलेली, तीसुद्धा मिनिटभराची. पण थंडी पडली की चाचा सकाळी दहाच्या आत दुकानात बाईंचं गाणं लावत नसत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "गारठ्यात घसा धरतो. ऊन पडू द्या जरा."

चाचांचं दुकान कॅसेट भरून देण्याचं. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: गिऱ्हाइकानं कोरी कॅसेट आणि आवडीच्या गाण्यांची यादी द्यायची आणि चाचांनी त्यांच्याकडच्या रेकॉर्डवरून ती गाणी एकापाठोपाठ एक भरून द्यायची, एवढा साधा व्यवहार. चाचांनी तो कधी साधा ठेवला नाही. यादी आली की ते आधी डॉक्टरसारखी तपासत. एकदा कारखान्यावर ऊस वाहणारा एक ट्रक ड्रायव्हर बाईंची दहा गाणी लिहून घेऊन आला, दहाच्या दहा वरच्या पट्टीतली. चाचांनी कागद परत केला. "जीव घेतो काय बाईंचा? एका दमात दहा?" ड्रायव्हर म्हणाला, "अवो चाचा, ती गाऊन कवाच घरी गेली." "ती गेली आसंल," चाचा म्हणाले, "आवाज हितंच हाय." शेवटी तडजोड झाली. दर दोन गाण्यांनंतर एका पुरुष गायकाचं गाणं घातलं, तेवढ्यात बाईंनी चहा घ्यावा म्हणून. आणि दोन गाण्यांमध्ये चाचा जी मोकळी जागा सोडत ती चांगली लांबलचक असे. घरी कॅसेट वाजवणाऱ्याला वाटायचं, वीज गेली. सोनईत कितीतरी लोक त्या शांततेत उठून फ्यूज बघून आलेले आहेत. त्यात मीही.

माणूस कधी बसलेला दिसायचा नाही. गाणं जितकं लांब तितकाच वेळ ते भरायला लागतो, आणि तेवढा सगळा वेळ चाचा त्या आठ फुटी दुकानात येरझारा घालत, त्याही अनवाणी. चपलांचा आवाज गाण्यात जाईल अशी त्यांना धास्ती. मी एकदा शहाणपणानं सांगितलं की आवाज तारेतून जातो, चपलांचा जाणं शक्य नाही. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बाईंला ऐकू येतंय ना पर." दिवसातून पाच वेळा नमाजाला टेकत, तेवढंच काय ते त्यांचं बसणं. बाकी जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, भांडणसुद्धा चालता चालता. त्यांच्याशी भांडायचं तर आपल्यालाही स्टँडपासून ग्रामपंचायतीपर्यंत जावं लागे, आणि परत यावं लागे.

गाठ पडली होती ती संगमनेरला. चाचा तेव्हा ऐन पंचविशीत, लाउडस्पीकरच्या धंद्यात. तिकडच्या एका कारखान्याच्या मैदानावर बाईंचा कार्यक्रम होता आणि माइक लावायचं काम ह्यांच्याकडे. गाणं सुरू करण्याआधी बाई माइकवाल्याशी काहीतरी बोलल्या. माइकवाला म्हणजे चाचा. काय बोलल्या, हा सोनईतला जुना वादाचा विषय. कारण सुरुवातीला ते वाक्य लहान होतं. मग दरवर्षी ते पिकासारखं वाढत गेलं. मी सोनईच्या शाळेत कारकून म्हणून आलो तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "माइक छान लावलाय." चार-पाच वर्षांत त्या म्हणाल्या, "असा माइक मुंबईत कुणी लावून देत नाही." मी निवृत्त झालो तोवर त्यांनी चाचांच्या अम्मीची तब्येतही विचारली होती. स्टँडवर लोक मुद्दाम विचारत, "चाचा, आन् जेवनाचा डबा काय दिल्ता बाईंनी?" चाचा चिडत नसत. एवढंच म्हणत, "कॅसेट हाय माझ्याकडं."

आणि खरोखरच होती. त्या दिवशी त्यांनी टेपरेकॉर्डरची तार लाउडस्पीकरच्या मशिनीला जोडून सगळा कार्यक्रम उतरवून घेतला होता. घरी आल्यावर कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन बारीक दात स्क्रूड्रायव्हरनं मोडले. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मग ती बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटात ठेवली आणि कधीही वाजवली नाही. वाजवली की फीत झिजते. "आणि पुरावा रोज दाखवला तर त्याला कोण इचारतंय?" लोकांनी याचा व्हायचा तोच अर्थ काढला.

ती कॅसेट आयुष्यात एकाच माणसाला ऐकायला मिळाली. "तुमी शिकलेले हाय," चाचा मला म्हणाले होते, "ऐका आणि कुठंतरी छापून आणा." मी घरी नेली, ऐकली. आधी कारखान्याच्या अध्यक्षांचं स्वागताचं भाषण, अकरा मिनिटं. मग बाईंचा आवाज. मग टाळ्या, मग गाणं. मी ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

त्या आठवड्यात नगरला कर्मचाऱ्यांची वक्तृत्व स्पर्धा होती आणि मला वक्ता व्हायचं होतं. आपण बोलताना कसे वाटतो हे ऐकावं म्हटलं तर घरात कोरी कॅसेट नाही. आणि समोर ही. मी विचार केला, सुरुवातीला तसंही अध्यक्षांचं भाषण आहे. एका भाषणावर दुसरं भाषण भरलं तर जगाचं काय नुकसान? मोडलेल्या दातांच्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरून घेते; ती लावली, बटण दाबलं आणि सुरू झालो. विषय होता 'मौनाचे महत्त्व'. अकरा मिनिटांत थांबायचं ठरवलं होतं, पण मौनाबद्दल मला इतकं सांगायचं होतं की मी सतराव्या मिनिटाला थांबलो. बाईंचं बोलणं गेलं. टाळ्या गेल्या. पहिल्या गाण्यातलंही शेवटचं थोडंसं उरलं. मी चिकटपट्टी काढली, कॅसेट पुसली आणि दुसऱ्या दिवशी परत केली. चाचांनी विचारलं, "आयकलं?" मी म्हणालो, "आयकलं." त्यांनी ती डब्यात ठेवली. स्पर्धेत मला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही.

त्यानंतर कॅसेटीच गेल्या. चाचांनी मेमरी कार्ड भरून द्यायला सुरुवात केली, चार्जर आणि मोबाईलची कव्हरं टांगली. मला वाटलं, सुटलो. आणि परवा बाई गेल्या.

त्या दिवशी चाचांनी दुकान उघडलंच नाही. स्टँड ते ग्रामपंचायत, ग्रामपंचायत ते स्टँड, सकाळपासून. पंच्याहत्तरीचा माणूस, ऊन डोक्यावर, तरी थांबायचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयानं शोकसभा ठरवली, त्या रविवारी संध्याकाळी. चाचा चालता चालताच माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "आता लावतो कॅसेट. आता झिजली तर झिजली." मी म्हणालो, "चाचा, जरा…" तोवर ते कोपऱ्यावर पोचले होते.

रविवारपर्यंत चार दिवस होते. झोपेत मला माझंच भाषण ऐकू यायचं. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज दुकानात जायचो, चाचा येरझारा घालत विचारायचे, "काय पायजे?" आणि माझ्या तोंडून निघायचं, "चार्जर." तिसरा चार्जर घेऊन घरी आलो तेव्हा बायकोनं तो इतर दोघांशेजारी ठेवला. तिला मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सगळं सांगितलं होतं. "उद्या चौथा आणू नका," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला गावानं आयुष्यभर खोटारडं म्हटलं. रविवारी तो पुराव्यासकट खोटा ठरणार आहे. तुमच्यामुळे." मी म्हणालो, "उद्या नक्की." दुसऱ्या दिवशी मी मोबाईलचं कव्हर आणलं.

सभेला वाचनालयाचा हॉल भरला होता. बाईंच्या फोटोला हार, दोन मिनिटं स्तब्धता, दोन-तीन भाषणं. मग चाचा उठले. म्हणजे उठले असं म्हणायचं, भिंतीला धरून ते फिरतच होते. रुमालातून कॅसेट काढली. म्हणाले, "मी काय बोलत न्हाई. बाईच बोलतील." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "डबा दिल्ता का, ते पन कळंल आता." मी उठायचं ठरवलं. तोवर चाचांनी बटण दाबलं.

खरखर झाली आणि मग हॉलच्या चारी कर्ण्यांतून माझा तरुण आवाज घुमला: "सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक महोदय आणि माझ्या सुज्ञ श्रोतृबंधूंनो! मौन ही एक महान शक्ती आहे."

कुणाला काही कळेना. पुढच्या रांगेतल्या एकानं तर सवयीनं टाळ्या वाजवल्या. चाचांनी कॅसेट काढून पाहिली, दात मोडलेले पाहिले, परत घातली. मी मौनाबद्दल पुढे बोलू लागलो. चाचा थांबले होते. खरोखर, एका जागी, दोन्ही पाय टेकून. मी त्यांना कधी असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, आणि तेच मला बघवेना.

उठलो. स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवून सांगितलं: हा मी आहे, हे मी केलंय, चिकटपट्टी लावून केलंय. आधी हशा झाला, मग तो थांबला. मी म्हणालो, "पण पुसण्याआधी मी ऐकलं होतं. बाई चाचांशी बोलल्या होत्या. मी साक्षीदार आहे." मागून आवाज आला, "काय बोलल्या मग?"

क्षणभर वाटलं, अम्मीच्या तब्येतीसकट सगळं सांगून टाकावं. तेवढं मी त्यांचं देणं लागत होतो. पण चाचा माझ्याकडे असे पाहत होते की खोटं जिभेवर येईना. सांगितलं ते जसं होतं तसं. "बाई म्हणाल्या, 'माइकवाले दादा, जरा खाली घ्या.' मग थोडं थांबून म्हणाल्या, 'हां. आता बरं आहे.' एवढंच."

हॉलमध्ये मौनाचं महत्त्व सोडून दुसरा आवाज नव्हता. गावानं आता हसावं की काय, हे गावालाच कळत नव्हतं. मागून ज्यानं विचारलं होतं त्यानं मान खाली घातली. चाचा स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "हां म्हनल्या हुत्या. ते हां मी इसरूनच गेल्तो." आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

कुणीतरी टेप बंद करायला पुढे झालं. चाचांनी हातानं अडवलं. "ऱ्हाऊ द्या. फुडं बाई हाय." म्हणून अख्ख्या सोनईनं, शोकसभेत, माझं संपूर्ण भाषण ऐकलं. उपनिषदं ऐकली, समुद्राच्या खोलीची उपमा ऐकली, एक कविता ऐकली, तीही माझीच. मी मान वर केली नाही. शेवटी मी आभार मानले, खट्ट असा आवाज झाला, आणि अर्ध्या शब्दात बाई आल्या. पहिल्या गाण्याची फक्त शेवटची ओळ. वर गेली, तिथं थोडी थरथरली आणि अलगद खाली उतरली. मैदानातल्या टाळ्या वाजल्या, पण हॉलमधल्या कुणीच हात हलवला नाही.

चाचांनी टेप बंद केला, कॅसेट रुमालात गुंडाळली आणि चालत चालत माझ्यापाशी येऊन थांबले. मी म्हणालो, "चाचा, मला…"

"लई लांब बोलता तुमी," चाचा म्हणाले.