हौशीची मोडलेली झोप

हौशीचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये कारवीचा एकच कूड आहे. त्या कुडातून तिचं घोरणं माझ्या भाकरीच्या पिठात पडतं, असं मी साऱ्या साखरशेत गावात सांगत फिरते आणि ते फारसं खोटं नाही. ही बाई कुठंही झोपते. आवणात, भाताच्या खाचरात, रोपं लावताना वाकल्या वाकल्या झोपते. दसऱ्याला महाराजांची स्वारी बघायला आम्ही बाया पायी जव्हारला गेलो. घोडे गेले, वाजंत्री गेली, भालदार ओरडत गेले आणि ही आंब्याच्या बुंध्याला टेकून गाढ! परतताना मलाच विचारते, "राजा येऊन गेला का गो?"

पण गावात काही हरवलं की लोक दाणे बघून चोर सांगणाऱ्या भगताच्या आधी तिच्या दारात येतात. जिजाची शेळी कुणी कापली, पाटलाच्या कोंबड्या कुणाच्या टोपलीखाली गेल्या, हे तिनं पडल्या पडल्या सांगितलं. झोपलेल्या बाईसमोर माणसं तोंड सांभाळत नाहीत, तेवढंच तिचं कसब, असं मला वाटायचं. सणाला वाजणारा तारपा हरवला तेव्हा कळलं की तिची झोप माझ्या समजुतीपेक्षा खोल आहे.

भात झोडून झाला होता. मीठ महागलं म्हणून कुठंतरी मोठी लढाई चालू आहे एवढं कळायचं. बाकी आमच्या खळ्यावर पेंढ्याची सोनेरी धूळ तरंगत असायची, खालच्या दरीत धूर साचायचा आणि पलीकडचे डोंगर पाण्यावर सोडल्यासारखे हलायचे. नवा भात देवाला दाखवायचा, त्या संध्याकाळी तारपा वाजायचा आणि गाव फेर धरून नाचायचं. वाळक्या भोपळ्याचं पोट, पुढं ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सांधे मेणानं बुजवलेले. सूर एकदा धरला की तुटू द्यायचा नाही. तोंडानं फुंकताना नाकानं श्वास ओढत राहायचं. आमच्याकडे हे फक्त म्हाताऱ्या भिकाला जमतं.

आणि ऐन सणाच्या तोंडावर भिकाच्या घरातून तारपा नाहीसा झाला.

आळ आला नवसूवर. नवसू रघ्याकडे घरजावई राहायला आलेला. लग्न अजून व्हायचं होतं. आमच्यात मुलाकडे मुलीच्या बापाला द्यायला काही नसलं की तो सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबतो, मग पोरगी मिळते. नवसू तीन पावसाळे रघ्याची नांगरट करत होता आणि रघ्याची मालू त्याच्याकडे बघून भाताला दोनदा मीठ घालत होती. रिकाम्या वेळी तो भिकाच्या अंगणात बसायचा, काठीवर तारप्यासारखी बोटं नाचवायचा. लोकांना तेवढं पुरलं.

"चोराला मी पोरगी देयाचा नाय," रघ्या खळ्यावर ओरडला.

पाटील म्हणाला, "उद्या सकाळी भगत दाणे बघंल. दाणे नवसूवर पडले तर त्यानं गाव सोडायचं."

म्हणजे तीन वर्षांचं राबणं गेलं आणि मालूही गेली. नवसू तसाच बैलांना पेंढा घालायला गेला. मालू मात्र माझ्या पडवीत येऊन, तिथं पडलेल्या हौशीचा खांदा धरून गदागदा हलवत होती. "हौशीमावशे, ऊठ ना गो!"

"जागीच हाय," हौशी म्हणाली. "चार दिवस झाले, डोळ्याला डोळा नाय."

मी हसले. "तुला झोप नाही? उद्या सूर्य म्हणेल, मला उजेड नाही."

ती हसली नाही. उठली आणि भिकाच्या घराकडे निघाली. मी कशाला मागं राहते?

भिका दारात उन्हाला बसला होता. ज्याची वस्तू जाते तो घर उलटंपालटं करतो. हा आपली बोटं बघत होता. हौशी त्याच्या शेजारी पेंढ्यावर आडवी झाली आणि डोळे मिटून बोलायला लागली.

"भिकाबाबा, दर साली सणाच्या आधी तू दुपारी नवं मेण लावून तारपा फुंकून बघतोस. मी इथंच पडते. तुझा सूर मला हाताला धरून खाली नेतो. आवणातल्या पाण्याखाली नेतो. तिथं भात उलटा उगवतो, मासे कणसं खातात, माझा मेलेला नवरा गाळात उभा राहून हसतो. सूर चालू हाय तोवर मी तिथं असते."

"मग?" भिका म्हणाला.

"यंदा मी तिथवर पोचलेच नाय. अर्ध्या पाण्यात सूर तुटायचा आणि मी वर येऊन आपटायची. परत धरला, परत तुटला. चार दिवस. मग तारपाच गेला."

भिकानं बोटं मिटली. घारीची सावली अंगणावरून गेली, परत आली.

"तारपा कुणी नेला ते मला नको सांगू," हौशी म्हणाली. "तुझा दम कधी गेला ते सांग."

मला तर पेंढ्यात तोंड खुपसून ओरडावंसं वाटलं. म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला.

"पावसात खोकला झाला तवापासून," तो म्हणाला. "मला वाटलं, लोक म्हणतील भुतानं नेला. भुताला कोण गावाबाहेर काढतो? या पोराचं नाव घेतील असं वाटलं नव्हतं."

"उद्या घेतील."

"तू सांगणार?"

"मी कशाला सांगू? मला झोप आलीय," हौशी म्हणाली आणि कूस बदलली. पण डोळे उघडेच होते, मी पाहिले.

सकाळी भगत सुपात दाणे घेऊन बसला. नवसू समोर, मालू बायांत, रघ्या छाती काढून. मी हौशीला कोपरानं ढोसत होते, "बोल की, भवाने!" ती ढिम्म. भगतानं मूठ उचलली आणि भिका आला. खांद्यावर तारपा. वाट सोडत सोडत लोक मागं सरले. त्यानं तो सुपाशेजारी ठेवला.

"माळ्यावर होता. मीच ठेवला."

"कशापायी?" पाटील ओरडला.

"बायको मेली तवा गावाला सांगता आलं. दम मेला ते कसं सांगू?"

 कोवळ्या उन्हात भगताच्या मुठीतले दाणे एकेक करून सुपात गळत होते.

रघ्यानं घसा साफ केला. "चल रे नवसू. बैल खोळंबलेत."

नवसू उठला नाही. "काल मी चोर होतो."

"अरे, झालं ते झालं."

"पहिलं लग्नाचं बोल. मग बैल."

बायांत खसखस पिकली. रघ्यानं पाटलाकडे पाहिलं, पाटलानं आभाळाकडे. "बरं बाबा, माघात," रघ्या पुटपुटला.

"माघ लांब हाय," बायांमधून मालूचा आवाज आला. लाज म्हणून नाही पोरीला!

भिकानं नवसूला दंडाला धरून जवळ बसवलं, तारप्याचं तोंड त्याच्या ओठांना लावलं आणि त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. "गाल फुगव. नाकानं ओढ. लगीन माघात हाय, दम आजपासून लागंल."

नवसूनं फुंकलं. हंबरणाऱ्या रेडकासारखा एक आवाज निघाला, थरथरला, दरीतल्या धुरावरून पलीकडे गेला. मालूनं हसत शेजारणीच्या कमरेत हात घातला आणि फेराचं पहिलं पाऊल टाकलं.