दर्याचा नारळ

१९९१च्या नारळी पौर्णिमेला, पन्नास रुपये प्रवेश फी भरून, आम्ही आठ बायका कोपरीच्या खाडीवर हजर होतो: चार आमच्या सोसायटीतल्या, चार कोळीवाड्यातल्या. आज पूजेत नारळ फुटला आणि ओल्या खोबऱ्याच्या वासाने मी पुन्हा तिथे जाऊन पोहोचले.

बायकांची होड्यांची शर्यत तिथे पहिल्यांदाच होती. दोन महिने रविवारचा स्वयंपाक उरकून आम्ही वल्ही मारत होतो. तळहात सोलवटले होते. होडी कोळीवाड्यातल्या जनाबाईची, सुकाणूही तिच्याच हाती. निघण्याआधी सोसायटीच्या नलूताईंनी होडीपुढे दगडावर नारळ वाढवला आणि प्रसाद वाटला.

जनाबाई तुकडा हातात घेऊन थबकली. "गो बायांनो, दर्याचा नारल कोनी फोरला? तो सगला द्यायचा असतो."

"अहो, शुभकार्याला वाढवतातच ना!" नलूताई म्हणाल्या.

"तुमच्या घरान वाढवा. नारल दिल्याबिगर मी होरी नाय काढायची."

जवळच्या दुकानांतले नारळ संपले होते. स्टेशनजवळून मी घेऊन येईपर्यंत शर्यत सुटली होती. काठावरून कुणीतरी ओरडला, "भात करपंल गो, घरा जावा!"

तेव्हा मला जनाबाईचा राग आला होता. आता वाटतं, आम्ही त्या पाण्यात रविवारी जायचो, तिचा नवरा रोज. संघ पुन्हा जमला नाही. पुन्हा जमवण्याचं त्राण कुणातच उरलं नव्हतं.

सहा रुपयांचा तो नारळ जनाबाईने कपाळाला लावला आणि अख्खाच्या अख्खा खाडीला दिला.